मागे वळून बघायचं नाही

कोन गावातल्या बायकांना जैनबआपा आठवायची ती पोराला दृष्ट लागली की. एरवी धामणकर नाक्याच्या लूम कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी ही कुरळ्या केसांची सिद्दी बाई त्यांच्या खिजगणतीतही नसे. आफ्रिकेच्या रक्तात जादू असते, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आपालाच तेवढी ती कधी सापडली नव्हती.

त्या दुपारी जानकीबाई नववा महिना लागलेल्या सुनेला, मृणालीला, घेऊन आली.

"आपा, दृष्ट काढ. पोर सकालपासून हाललं न्हाय."

आपानं मृणालीला बसवलं. तिनं पोटावर हात ठेवला, थांबली. काहीच हललं नाही. दवाखान्यात जा म्हणावं, तर जानकीबाई आधी देवाला कौल लावणार, मग बहिणीला विचारणार. आणि काही बरंवाईट झालं तर? आपाची पणजी सुईण होती. इंग्रजांच्या अमदानीत एक बाळंतीण दगावली आणि गावानं पणजीला चेटकीण म्हणून हाकलून दिलं. गोऱ्या साहेबानंही कागदावर तेच लिहिलं. दार लावून घ्यावं असं आपाला क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोला. पण मृणाली एकटक तिच्याकडेच बघत होती.

आपानं मीठ-मिरच्या भराभर ओवाळून पुडीत बांधल्या आणि आवाज चढवला.

"दृष्ट जबर हाय. ही पुडी घ्या आणि रिक्षानं थेट मोठ्या दवाखान्यात जा. वाटेत थांबायचं न्हाय, कुणाशी बोलायचं न्हाय, मागं वळून बघायचं न्हाय. मशीनवर बाळाचे ठोके ऐकलेत की मगच पुडी टाका. आधी टाकलीत तर उलटेल!"

दृष्टीचे नियम जानकीबाईला शिकवावे लागत नव्हते. ती तोंड शिवून रिक्षात बसली.

दिवेलागणीपर्यंत आपा उंबऱ्यातून हलली नाही. मग फोन वाजला.

"आपा, नात झाली! ठोके मंद झालते, लगेच ऑपरेशन केला. दोघी बऱ्या हायेत. नाक्यावर बहीन हाका मारीत व्हती, मी वलून पन बघितलं न्हाय!"

आपा उंबऱ्यातून उठली. "गुण डाक्टरचा हाय, जानकीबाय. माझा काय न्हाय."

"असू दे. बारशाला ये. पोरीला पालन्यात तूच घालायची."

तीस वर्षांत कोनमध्ये मागच्या दारानं आपाला पुष्कळ बोलावणी आली होती. पाळण्यापाशी कुणी बोलावलं नव्हतं. "येते," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून ढसाढसा रडली.