सलीमच्या दोन काचपट्ट्या

माझा दोस्त सलीम गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीच्या शाळेत चित्रकलेच्या तासावर होतो. त्या वर्षांत वऱ्हाडात कुणी अकाली गेलं की लोक खालच्या आवाजात एकच विचारायचे, औषध घेतलं का? औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. आमच्या शिपायानंही तेच विचारलं. नाही, गाठ होती, असं म्हणालो आणि पोरांदेखत रडू कोसळलं.

गाठी तपासणं हेच सलीमचं काम. पार धारणीहून माणसं बाटलीत गाठीचा तुकडा घेऊन त्याच्या लॅबमध्ये यायची. माझ्या उजव्या हातावरची गाठ बघता बघता लिंबाएवढी झाली आणि सर्जननं हात काढायला सांगितला, तेव्हा सलीमनं मला दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकासमोर स्टुलावर बसवलं. त्यानं सांगितलं, ही गाठ झपाट्यानं वाढते, पेशीही बेफाम दिसतात, म्हणून पूर्वीचे डॉक्टर तिला कॅन्सरच समजत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ती अर्धवट काढली तरी परत येत नाही, हे रोगी मरत नाहीत. गाठींचे काप लावलेल्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, रोग्यांची चौकशी केली, ती कॅन्सर नाही हे कळलं आणि तिला वेगळं नाव मिळालं. "ओळखाले लई वर्षं लागली रे," सलीम म्हणाला, "तवापर्यंत किती हात गेले असतीन." माझा राहिला.

पुढे त्याच्याच मांडीत गाठ आली. त्यानं मला बोलावून त्याच स्टुलावर बसवलं. "काय दिसते तुले?" मी म्हणालो, माझ्यासारखंच. त्यानं काचपट्टी काढून पुसली. मग म्हणाला, "ते कॅन्सर नाही हे कसं ओळखलं, ते सांग एकदा." त्याचीच गोष्ट मी त्याला सांगितली. त्यानंतर प्रत्येक भेटीत सांगत गेलो... गाठ परत आली तरी, तो उठेनासा झाला तरी. डोळे मिटून ऐकायचा. आपला कॅन्सरच आहे हे त्यानं पहिल्याच नजरेत ओळखलं होतं, असं त्याच्या बायकोनं, भाभींनी, मला नंतर सांगितलं.

दफनाच्या वेळी मी याच वाचलेल्या हातानं माती दिली. भाभींनी ते सूक्ष्मदर्शक मला दिलंय, सोबत आमच्या दोन काचपट्ट्या, एक माझ्या गाठीची, एक त्याच्या. मी आळीपाळीनं लावून पाहतो. समोरचं स्टूल रिकामं. जन्मभर पोरांना बारकावे बघायला शिकवलं... मला अजूनही दोन्ही सारख्याच दिसतात.