नव्वद पौंडांच्या आत

माझ्या जिवलग मित्राचं जेवण मी तीन आठवडे खाल्लं. डबा त्यानंच माझ्यापुढं सरकवला होता, हे खरं. पण खाल्लं मी, आणि चाटूनपुसून खाल्लं.

छप्पन साली उमरगा मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही दोघं नववीत होतो, एकाच गल्लीत राहत होतो आणि शाळेच्या हुतुतूच्या संघात होतो. शाळांच्या सामन्यांत तेव्हा वजनाचे गट असत. आमचा गट नव्वद पौंडांच्या आतला. शाळेत काटा नव्हता, म्हणून ड्रिल मास्तर आम्हाला मोंढ्यातल्या एका आडतीवर न्यायचे. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात पाय दुमडून बसलेलं पोरगं. ज्वारीचं पोतं मोजावं तसा तोलार मोठ्यानं आकडा ओरडायचा आणि हमाल खिदळायचे.

सामन्यांना तीन आठवडे उरले असताना माझा मित्र पारड्यात बसला आणि पारडं खाली टेकलं ते उठेचना. अडीच शेर जास्त भरला. त्या उन्हाळ्यात तो चार बोटं उंच झाला होता, ओठावर मिसरूड फुटली होती. पंधराव्या वर्षी पोर वाढणार नाही तर काय करणार? पण आम्हाला सगळ्यांना तो त्याचा गुन्हाच वाटला.

चढाईचा खरा गडी तोच. एका दमात तिघांना शिवून परतायचा. त्याच्यावाचून आमच्या संघाला कुणी विचारलंही नसतं. त्याचे वडील पिंजारी होते. येत्या जूनपासून शाळा बंद आणि कापूस पिंजायला बसायचं, हे त्याच्या घरी ठरलं होतं. जिल्ह्याच्या सामन्यांत खेळायची त्याला ही एवढी एकच संधी होती.

मास्तर म्हणाले, "अडीच शेर म्हंजे काय लई न्हाय. दुपारचं खाणं बंद कर. पाणी घोटभर. घोंगडं पांघरून पळायचं, चिंच चघळून थुकत ऱ्हायचं." मास्तर दुष्ट नव्हते. तालमीत त्यांनी स्वतः जे सोसलं होतं तेच सांगितलं. त्याहून जास्त त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

अडचण एवढीच, की त्याची आई रोज डबा पाठवायची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तो पहाटेच पळायला बाहेर पडे आणि तसाच शाळेत येई, म्हणून मी दहाच्या शाळेला निघताना ती डबा माझ्या हाती देई. दोन भाकऱ्या, सालन म्हणजे रस्सा, कधी अंडं, शुक्रवारी खिमा. पहिल्याच दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीआड त्यानं डबा माझ्यापुढं ठेवला आणि तोंड फिरवून बसला. "खा तू. भरलेला परत गेला तर अम्मी शाळेत येईल, मला खेळू देणार न्हाय."

कुत्र्याला घालता आलं असतं. मी खाल्लं. आमच्या घरी मांसमच्छी शिजत नसे. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याला नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांच्या घरचं पाणी पिणंही आमच्याकडं चालत नसे. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी माझी चामडी लोळवली असती. त्या भीतीनं खिम्याची चव काही कमी झाली नाही. तो पाठमोरा बसून विचारायचा, "मीठ बराबर हाय का रे?" आणि मी भरल्या तोंडानं हो म्हणायचो.

रात्री तो दुपारचं जड झालंय म्हणून अर्ध्या भाकरीवर उठायचा. दुसऱ्या आठवड्यात तो वर्गात बसल्या बसल्या झोपू लागला. शाळेच्या तीन पायऱ्या चढताना खांबाला हात लावायचा. हात गार लागायचे. सरावात चढाई करून आला की मैदानाबाहेर मटकन बसायचा आणि आम्ही त्याला चिडवायचो, की म्हातारा झालास. खाला तर घाबरूनच गेली. नजर उतरवली, गळ्यात तावीज बांधला. मला म्हणायची, "एवढं खातंय पोरगं, अंगाला का लागत न्हाय रे बेटा?" मी चप्पल घालण्यात गुंतल्यासारखं करायचो.

सामन्यांच्या दिवशी पहाटे, एसटी धरण्याआधी, मोंढ्यातलं पारडं बरोबर काट्यावर थांबलं. तोलार माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यो सुटलाय आन त्यो वाळलाय!" आम्ही हसलो. मित्रही हसला. सामन्यांच्या गावी पुन्हा वजन झालं, तिथंही तो बसला. मग मास्तरांनी त्याला गूळपाणी पाजलं, केळी दिली, आणि त्या एका दिवसात तो तीन सामने खेळला.

पहिले दोन आम्ही जिंकलो. अखेरच्या सामन्यात तो चढाईला गेला, एकाला शिवला, आणि पलीकडच्या हद्दीतच त्याचा आवाज बंद पडला. कुणी धरलं नव्हतं. दम संपला एवढंच. तोंड उघडं ठेवून तो उभा राहिला, आणि मधली रेषा अवघ्या चार पावलांवर असताना तिकडं बघत राहिला. मग सहाजण त्याच्या अंगावर पडले. आम्ही हरलो. परतीच्या एसटीत त्याच्याशी कुणी बोललं नाही. मी बोललो, तेही एवढंच, की तुझ्यामुळं गेलं सगळं.

त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. रोज संध्याकाळी चढायचा, जोडीला खोकला. पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा खालासोबत मी होतो, आणि शेजारधर्म म्हणून माझे वडीलही होते. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या पाहिल्या आणि विचारलं, "जेवत नव्हता का हा?"

"जेवायचा की साहेब," खाला म्हणाली. "दोन भाकऱ्या, सालन. डबा रोज रिकामा यायचा. ह्याला विचारा, ह्योच न्यायचा."

डॉक्टर माझ्याकडं वळले. वडील माझ्याकडं बघत होते. बाकावर आडव्या पडलेल्या मित्रानं हळूच मान हलवली, सांगू नको म्हणून. तेवढा आधार मला पुरला.

"व्हय, डबा रिकामा व्हायचा," मी म्हणालो.

एवढं खाऊन पोर झडतं, रोज ताप येतो, खोकला आहे. डॉक्टरांनी क्षय धरला. त्यांच्या जागी कुणीही तेच धरलं असतं. त्याला लांबच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. जाताना त्याला क्षय नव्हता, असं मला आजही वाटतं. तिथं खोकणाऱ्यांच्या रांगेत तो चार महिने निजला आणि मग मात्र त्याला तो खरोखर झाला. पावसाळा संपता संपता तो गेला.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मी त्यांच्या घरी गेलो. अंगण भरलेलं होतं. त्याची आत्या खालाला सगळ्यांदेखत बोलत होती, की आईनंच पोराला उपाशी मारलं, पोटाला घातलं नाही. खाला भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच ती उठली आणि माझं मनगट धरून मला मधोमध उभं केलं.

"सांग ह्यांना बेटा. तू गवाह हाय. डबा भरलेला जायचा का न्हाय?"

"जायचा."

"आन रिकामा यायचा का न्हाय?"

"यायचा, खाला."

आत्या उठून आत गेली. खालानं सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.