रिकाम्या अंगणाचं चित्र

माझ्या पतींनी आयुष्यभर इतरांची माणसं काढली. आंबी-वराळ्याकडचे लोक वारलेल्या आईवडिलांचा ओळखपत्रावरचा फोटो घेऊन येत आणि हे त्यावरून तसबीर रंगवून देत. त्याखेरीज लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या आणि खंडाळ्याच्या हॉटेलांसाठी धबधबे. एका हॉटेलात तर खोली कुठलीही घ्या, भिंतीवर यांचाच धबधबा. पुढे फ्लेक्स आले आणि हातातलं काम गेलं.

स्वतःचं म्हणावं असं एकच चित्र त्यांनी काढलं, वर्षानुवर्षं, थांबत थांबत. त्यांच्या गावच्या विहाराचं अंगण. ऊन माथ्यावरचं, पण सावल्या संध्याकाळसारख्या लांब. दाराशी चपलांची रांग, आणि उघड्या दारातून दिसणारी आतली जागा रिकामी. मी ग्रंथालयात नोकरी केली. कलेच्या एका पुस्तकात अशा चित्रांना पारभौतिक, दिसतं त्यापलीकडची, म्हटलेलं मी त्यांना वाचून दाखवलं.

"म्हणजे न खपणारी," ते म्हणाले.

पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी नेलं होतं, तसंच परत आलं. मग ते आमच्या स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर राहिलं.

ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला, आमच्या रीतीच्या शोकसभेला, मी ते चित्र त्यांच्या गावच्या विहारात नेलं. एकदा तरी त्यांच्या माणसांनी ते पाहावं, एवढंच मनात होतं. धाकटे दीर टेबलावर पांढरं कापड अंथरत होते.

"वहिनी, फोटू कुटंय?"

"हेच ठेवू या, भाऊजी."

"ह्यात मानूसच न्हाई. हार कुनाला घालायचा?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. भाऊजींनी मोबाइलमधला यांचा एक फोटो मोठा करून आणलाच होता. इतक्या तसबिरी काढणाऱ्याची स्वतःची एकही नव्हती. हार त्या फोटोला घातला, चित्र बाजूला भिंतीला टेकवलं.

बुद्धवंदना झाली. लोक फोटोला फुलं वाहून पुढे सरकत, पण चित्रापाशी थबकत. मागे रांग तुंबली.

"आत कोनीच न्हाई, मंग चपला कुनाच्या?"

"राखनीला एक बसवायचा हुता की. माज्या लग्नात चोरीला गेलत्या, तशा जातील."

"गप ए, दुखवट्यात तरी."

पण दोघीतिघी हसल्या. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी. एक म्हातारी मावशी मात्र चित्रासमोरून हलेना. तिला खुर्ची द्यावी लागली.

सगळे पांगल्यावर मी चित्राला चादर गुंडाळू लागले. भाऊजी जवळ आले.

"ऱ्हाऊ द्या हितंच."

"मघाशी तर नको होतं तुम्हाला."

"बगून भ्या वाटतं, वहिनी. पर ऱ्हाऊ द्या."

ते मला घरी हवं आहे, हे तेव्हा कळलं. पण घरी पाहायला मी एकटीच. मी चादरीची घडी केली आणि बरं म्हटलं.

भाऊजी पुढे निघून गेले. बाहेर अंगणात चपलांची माझीच एक जोडी उरली होती. घालायला वाकले, तर उठायला वेळ लागला.