गप्पीची तेवीस पिल्लं

पुण्याला शिकायला जाताना माझ्या लेकीनं तिचा फिशटँक बापाच्या हवाली केला. माझ्या नाही. बापानं चार दिवस आठवणीनं खाणं टाकलं आणि मग तो विसरला, तसं ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. लेकीला हे कळलं तेव्हा ती फोनवर नुसती "बरं" म्हणाली. ते "बरं" कसलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

माझं माहेर हुपरीचं, घरात चांदीच्या पैंजणांचा धंदा. लग्न होऊन कोल्हापुरात आले तरी पैंजण काही सुटले नाहीत. भाऊ एसटीनं माल पाठवतो, मी घरात बसून रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासते आणि चकचकीत करून परत पाठवून देते. लेक आठवीत असताना तिनं एक मांजर आणलं होतं. ते मेलं नेमकं पैंजणांच्या पाटीत जाऊन झोपायचं. मी मुळातली तापट. एक दिवस डोकं फिरलं आणि दूधवाल्याला सांगून ते मांजर लांब कबनूरकडं नेऊन सोडायला लावलं. पोरीला सांगितलं, गेलं कुठंतरी आपलं आपण. आठ दिवस पोर गल्लोगल्ली हाका मारत फिरली, आणि मग दूधवाल्याच्याच तोंडून तिला कळलं. ती भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते. ती भांडलीच नाही. पण तेव्हापासून मी बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी ती खिडकीतून डोकावून खात्री करून घ्यायची. पाच वर्षं माझ्याच घरात मी खोटारडी होते, आणि तोंड वर करून काही बोलायची सोय नव्हती.

तर त्या टँकमधली एक गप्पी गाभण राहिली. मला वाटायचं मासे अंडीच घालतात. लेकीनं व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं, "आई, तिचं पोट बघ कसं चौकोनी झालंय. आज-उद्या पिल्लं घालंल. जिवंत पिल्लं असत्यात. झाली की लगेच बाजूला काढ, न्हायतर खाऊन टाकंल."

"कोण?"

"आईच की. तिच्यापासनंच लांब ठेवायची असत्यात."

तिनं ते सरळ मनानं सांगितलं असेल. मला मात्र लागायचं ते लागलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मी फोन हातात धरून तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला बघते तर टँकमध्ये काळे ठिपके पळताहेत. नीट बघितलं तर प्रत्येक ठिपक्याला दोन डोळे. चहाच्या कपानं एकेक उचलून बिस्किटांच्या मोठ्या काचेच्या बरणीत सोडलं, टँकमधल्याच पाण्यात. वर पाणवनस्पतीची एक काडी घातली, लपायला. मोजली, तेवीस भरली. लेकीला फोन केला तर तिनं बरणी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली आणि स्वतः मोजली. मोजू दे म्हटलं.

मग तिच्या सूचना आल्या. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, तोही फडक्यातून गाळून, चिमटीपेक्षा कमी, दिवसातनं चार वेळा. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलंच घालायचं, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला हवं. एका वेळी थोडंच बदलायचं. "आणि साबणाचा हात लावू नको आई. साबणाचा अंश जरी गेला तरी सगळी मरतील."

त्या दिवसापासून मला भीतीनं जे धरलं ते सोडेना. मी काही भित्री बाई नाही. गॅसच्या शेगडीवर चांदीला डाग देऊन सांधे जोडणाऱ्या घरात वाढलेय. पण ती बरणी मी नजरेआड होऊ देत नव्हते. कुणी पावणं आलं की मी आधी बरणीच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहायचे, न जाणो कुणाचा धक्का लागायचा. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकतील असं वाटायचं. मोजायला बसावं तर ती एका जागी थांबतात कुठं? कधी पंचवीस व्हायची, कधी एकवीस. एकवीस झाली की परत पहिल्यापासून सुरू. नवरा म्हणायचा, "भावाची चांदी येवढी मोजत न्हाईस कधी." त्याला हसू यायचं. मला ते तेवीस जीव म्हणजे माझी शेवटची संधी वाटत होती. एवढी जगली, तर पोरगी माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघेल, असं मी मनात धरून बसले होते. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला की ती मोजायची आणि मी तिचे ओठ हलताना बघायचे.

अकरा दिवस निभावले. पिल्लांना आता शेपटीचा आकार दिसायला लागला होता.

बाराव्या दिवशी पाणी भरून ठेवायची बादली आतून हाताला बुळबुळीत लागली. अशा बादलीतलं पाणी पिल्लांना कसं घालायचं? घासायला हवी होती. साबण तर शिवायचाही नाही. मग मी माझ्या डोक्यानं विचार केला, आणि तो विचार मला इतका पटला की स्वतःचंच कौतुक वाटलं. रिठा होता की घरात. रिठ्यानं आम्ही तान्ह्या पोरांची टाळू धुतो, जरीच्या साड्या धुतो, नाजूक घुंगरांना त्यानं ओरखडा पडत नाही. झाडाचं फळ ते, त्यात कसलं आलंय विष. रिठ्याच्या पाण्यानं बादली छान घासली, एकदा विसळली आणि पाणी भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीतलं पाव हिस्सा पाणी काढून त्या बादलीतलं घातलं आणि मी पैंजण घासायला बसले. अर्ध्या तासानं सवयीनं मान वळवली. सगळी पिल्लं वर आली होती, तोंडं पाण्याबाहेर. दोन-तीन गोल गोल फिरत होती. आणि बरणीच्या काठाला, काचेला धरून, बारीक पांढरा फेस. माझ्या मांडीपुढच्या पातेल्यात होता तोच. तो फेस मी लहानपणापासून रोज बघत आलेय, ओळखायला वेळ लागला नाही.

नवरा आंघोळ करून आला तर मी बरणीजवळ नुसती उभी. त्यानं बघितलं, जवळ आला. तळाला चार पडली होती.

"रिठा घातलास व्हय गं," तो हळू आवाजात म्हणाला. "ओढ्यात रिठा कुटून टाकून मासं धरत्यात की लोक."

मला हे कसं माहीत नव्हतं? जन्म रिठ्यात गेला आणि हे माहीत नव्हतं.

मग तोच म्हणाला, "रडू नगंस. रिक्षानं शाहूपुरीत जाऊन येतो. त्या माशाच्या दुकानात असली पिल्लं ढिगानं असत्यात. तेवीस घेऊन येतो. तिला काय कळतंय?"

खोटं कशाला बोलू, मी पिशवी आणायला आत वळले होते. सगळी सारखीच तर दिसतात. संध्याकाळी ती मोजेल, तेवीस भरतील, झालं. पण मागं बरणीत अजून काही तडफडत होती, आणि त्यांना कसं वाचवायचं हे मला माहीत नव्हतं, नवऱ्याला माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं एकच माणूस होतं. मला त्या फोनला हात लावायची जेवढी भीती वाटली तेवढी बाळंतपणाच्या कळांचीही वाटली नव्हती. तरी लावला.

ती वर्गात होती. कुजबुजत म्हणाली, "काय गं?"

"पिल्लं मरायल्यात. माझ्या हातनं झालंय. मी रिठ्यानं बादली घासली."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दाराचा.

"कालचं भरलेलं दुसरं पाणी हाय?"

"प्यायच्या पिंपात हाय."

"तांब्याचं न्हाय न्हवं? त्येबी माशांना विषच."

"स्टीलचं."

"पातेल्यात ओत. चमच्यानं एकेक उचलून त्यात सोड. बरणीतलं पाणी बरोबर जास्त येऊ देऊ नको. फोन चालू ठेव."

नवरा पातेलं धरून बसला आणि मी चमच्यानं एकेक उचलत गेले. उचललेल्यातली बरीच चमच्यातच हलायची थांबली. शेवटी पातेल्यात सहा हलत होती. लेकीनं विचारलं, मी सहा म्हणून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर दोन दिवस तिचा आवाज नाही, नुसते मेसेज. आज खाणं देऊ नको. उद्या थोडं दे. शनिवारी ती न कळवता एसटीनं आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून पातेल्यापाशी वाकली आणि मोजली. सहा होती. मी भिंतीला टेकून उभी राहून तिला सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. रिठा घेताना स्वतःचं कौतुक वाटलं होतं तेही सांगितलं. शाहूपुरीतनं नवी पिल्लं आणून ठेवायला मी पिशवी काढायला वळले होते, तेसुद्धा. शेवटचं सांगताना तिच्याकडं बघायचा धीर झाला नाही.

ती टँककडं गेली आणि काचेला नाक लावून त्या मादीकडं बघू लागली.

"हिचं पोट परत सुटाय लागलंय," ती म्हणाली. "महिनाअखेरीला घालंल. माझी परीक्षा हाय तवा, मला येता येणार न्हाय. तू बघ."

"तुझ्या बापाला सांग की."

"तू बघ म्हटलं न्हवं."

"अगं, मला भ्या वाटतंय," मी म्हणाले. एवढ्या वयात लेकीपुढं हे शब्द पहिल्यांदा काढले.

"वाटू दे की," ती म्हणाली. "भ्या वाटत हुतं तरी फोन केलास."

मग ती हात धुऊन जेवायला बसली. वाढताना माझ्या हातनं आमटी ताटाबाहेर सांडली. तिनं ती बोटानं पुसून घेतली आणि अजून थोडी वाढ म्हणाली.