तांब्याच्या तारेचा दस्ता

दुसऱ्याच्या आजोबांची बंदूक मांडीवर घेऊन पुसताना माणसाच्या मनात काय येतं, ते मला ठाऊक आहे. फारसं चांगलं काही येत नाही.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. ‘आमचा’ हे बावीस वर्षांच्या सवयीने म्हणतो. कारखाना अरबाबांचा, म्हणजे मालकांचा आहे. माझं काम तपासनीसाचं. दुसऱ्यांनी घडवलेलं लोखंड हातात घ्यायचं, मोजायचं आणि पास की नापास ते सांगायचं. पास झालेला माल जहाजावर जातो आणि नापास झालेला लाल चिठ्ठी लावून भंगाराच्या डब्यात. मी सही केलेला रिपोर्ट अरबाब न वाचता पुढे पाठवतात. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान आहे, आणि मी तो कुणाला सांगितलेला नाही, कारण सांगण्यासारखा तो दिसत नाही.

अरबाब पंचाहत्तरीचे. त्यांचे आजोबा मोत्यांच्या व्यापारासाठी वर्षातले चार महिने मुंबईत असायचे, त्यामुळे घरात हिंदी आली. ती माझ्या हिंदीपेक्षा सराईत आहे. माझे आजोबा आयुष्यात दोनदा मुंबईला गेले, दोन्ही वेळा इस्पितळात.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मुहंदिस, तुम लोहा पहचानता है ना? शनिचर को घर आओ. एक चीज दिखाता हूँ.” मुहंदिस म्हणजे इंजिनियर. मी डिप्लोमावाला आहे हे त्यांना माहीत आहे, पण ते सांगत नाहीत.

शनिवारी त्यांच्या बैठकीत गालिच्यावर एक घोंगडी उलगडली गेली. आत दुनळी बंदूक होती. थोरला भाऊ वारल्यावर ती अरबाबांच्या वाट्याला आली होती. परवाना त्यांच्या नावावर झाला होता, म्हणून नळ्या आणि चाप घराबाहेर न्यायचे नाहीत हे पहिल्याच मिनिटाला ठरलं. त्यांचा मुलगा उभा होता. चाळिशीचा, परदेशात शिकून आलेला, इंग्रजीतच बोलणारा. त्याने काचेच्या पेटीचं चित्र आधीच काढून घेतलं होतं. आत दिवे आणि खाली पितळी पाटी. ब्रिटिश अधिकाऱ्याने पणजोबांना भेट दिलेली लंडनची बंदूक, असा मजकूर. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर ‘लंडन’ असं कोरलेलं होतंच.

मी नळ्या काढल्या. तेल लावून खालचा भाग पुसला. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या त्या नळ्या. गंज निघू लागला तशी पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी वर आली. बुडाशी, लाकडी दस्त्याला जोडतात तिथे, भिंगातून एक ठसा दिसला. एका लंबगोलात तीन अक्षरं आणि वर इवलासा मुकुट. मी अशा ठशांबद्दल बरंच वाचलेलं होतं. तो बेल्जियमच्या तपासणीचा. तिथे अशा बंदुका ढिगाने बनायच्या आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून वर लंडन कोरलं जायचं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पुसट झालेला पत्ता होता मुंबईच्या दुकानाचा.

मला जो आनंद झाला तो शास्त्रीय नव्हता.

“अरबाब, ये लंडन का नहीं है. बेल्जियम का माल है. मुंबई की दुकान से लिया हुआ. भेंट-बिंट कुछ नहीं.”

मुलाचा चेहरा उतरला. मी त्याकडे समाधानाने पाहिलं. अरबाब मात्र मांडीवर थाप मारून हसले. “तो मेरा दादा ने खुद खरीदा! अपना पैसा से! अंग्रेज का भीख नहीं!” आणि मुलाला, मलाही कळावं म्हणून हिंदीतच, म्हणाले, “खलास, पाटी बदल दो.”

माझी टाचणी फुग्याला लागली आणि फुगा आणखी मोठा झाला. ही माणसं कशानेच लहान होत नाहीत, असा मी गाडीत बसून विचार करत राहिलो.

पण खरी आग लागली ती दस्त्यामुळे. जिथे हाताची मूठ बसते, त्या बारीक मानेशी दस्ता कधीतरी मोडला होता आणि त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळली होती. तार काळी-हिरवी पडली होती. “दादा ऊंट से गिरा,” अरबाब म्हणाले. “बंदूक टूटी, दादा नहीं टूटा. रात-दिन बैठ के खुद बांधा.”

आमच्या घरातल्या दुनळीला तिथेच तार होती. जुन्या दुनळ्या त्याच जागी मोडतात, यात चमत्कार काही नाही. आमच्या गुहागरकडे रानडुकरं भातात शिरतात, त्यासाठी आजोबांना परवाना मिळाला होता. बांधावरून घसरून दस्ता मोडला तेव्हा आजोबांनी भातगिरणीच्या जळलेल्या मोटारीतली तार काढून बांधली. पुढे परवाना बाबांकडे आला. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर बाबा ती सायकलला बांधून परत आणायचे. एका निवडणुकीत ती जमा असतानाच बाबा गेले. वारसाने स्वतः जाऊन अर्ज करायचा होता. वारस मी एकटा.

आखातातला माणूस सगळं पुढच्या सुट्टीत करतो. दात, डोळे, बँकेचे कागद, सोसायटीचं भांडण, आतेभावाच्या मुलीचं लग्न. तीस दिवसांत या सगळ्यापुढे बंदूक कधी पहिल्या पाचांत आली नाही. सात सुट्ट्या गेल्या. आठव्या सुट्टीत गेलो तेव्हा हवालदाराने वही चाळून सांगितलं, “साहेब, ती केव्हाच सरकारजमा झाली. तुम्ही फार लांब राहता.” त्याने चहा विचारला. मी घेतलासुद्धा.

तर मला हेवा वाटला तो बंगल्याचा नाही, कारखान्याचाही नाही. त्यांची तार जागेवर होती, याचा.

दस्ता नुसतं लाकूड. त्याला परवाना लागत नाही, तो विमानात नेता येतो, भिंतीवर टांगता येतो. हा विचार कधी शिरला ते नेमकं सांगता येणार नाही, पण तिसऱ्या शनिवारी दस्ता वर्कशॉपमध्ये नेऊन तपासतो असं मी म्हणालो तेव्हा तो शिरलेला होता.

आमच्याकडे क्रेट बनवणारा एक सुतार आहे, राजस्थानचा, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहतो. त्याच्या हाताला क्रेट म्हणजे गवयाला भोंगा वाजवायला लावल्यासारखं. मी त्याला म्हटलं, याच्या मापाने अक्रोडाचा नवा दस्ता कर. त्याने जुना कानाशी धरून नखाने वाजवला.

“साब, ये तो बोल रहा है. मरी लकड़ी बोलती नहीं.”

“नया बनाओ.”

“बना दूँगा. पर ये मरा नहीं है.” आणि आपल्या खांद्यावरचा पंचा काढून त्याने जुना दस्ता त्यात गुंडाळून ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी थोडंसं बोललो. म्हणजे अरबाबांचा दस्ता बदलावा लागणार, आणि जुना बहुधा आपल्याकडे येईल, एवढंच.

“अहो,” बायको म्हणाली, “बाबांच्या बंदुकीसाठी सात सुट्ट्यांत एक सकाळ मिळाली नाही, आणि यांच्यासाठी तीन शनिवार?”

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, “बाबा, यू आर जेलस ऑफ अ पीस ऑफ वुड.”

“लाकूड नाही ते, दस्ता आहे.”

“सो, यस.”

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्याच फॉर्मवर रिपोर्ट लिहिला. दोष: आरपार तडा, लाकूड आतून कुजलेलं. निर्णय: नापास, नवीन करावा. बावीस वर्षांत मी चुकीचा माल पास केला नव्हता, आणि चांगला नापास करायची तर कधी गरजच पडली नव्हती. खाली ‘नापास नगाची व्यवस्था’ असा रकाना असतो. तिथे मी नेहमी ‘भंगार’ लिहितो. या वेळी लिहिलं, ‘तपासनीसाच्या ताब्यात’. सही केली आणि अरबाबांच्या टेबलावर ठेवला. ते वाचत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी बोलावणं आलं. रिपोर्ट टेबलावर, चष्मा त्याच्यावर.

“मुहंदिस, तुम्हारा रिपोर्ट मैं पढ़ता नहीं. ये मेरा दादा का था, इसलिए पढ़ा.” त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “नापास माल किधर जाता है?”

“भंगार में.”

“बाईस साल में तुम एक बोल्ट घर नहीं ले गया. ये क्यों?”

खोटं बोलायला माझ्याकडे दोन-तीन चांगली वाक्यं होती. मी खरं सांगितलं. गुहागर, सायकल, पोलीस ठाणं, सात सुट्ट्या, भातगिरणीची तार. दस्ता पक्का आहे, सुताराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हेही. हिंदीत ते फार छोटं वाटलं.

अरबाबांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, “तार कौन बांधा था, तुम्हारा बाप?”

“आजोबा. दादा.”

“तुमको आता है?”

“नहीं. बचपन में हाथ लगाया है, बस.”

“यल्ला, चलो. हाथ लगाया है तो बांधो.” आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवत, “पहले ये दुबारा लिखो.”

या जागी दुसरा कुणी लिहिणारा असता तर मालकाने डोळ्यांत पाणी आणून तो दस्ता नोकराला देऊन टाकला असता. मलाही क्षणभर तसं होईल असं वाटलं होतं. पण अरबाब व्यापाऱ्याच्या घराण्यातले. त्यांनी दस्ता ठेवून घेतला आणि मला काम दिलं.

जुनी तार ठिसूळ झाली होती, हात लावताच तुकडे पडत होते. सुताराने तड्यात सरस भरला, शिकंज्यात दोन दिवस दाबून ठेवला, जवसाचं तेल चोळलं. तो दस्ता फिरवत गेला आणि मी तार ओढत गेलो. “साब, ढील मत दो,” तो दर वेढ्याला म्हणायचा. पहिल्या दोन खेपा सैल आल्या, त्या उलगडाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला एकोणीस वेढे बसले. नव्या रिपोर्टात मी लिहिलं: दस्ता पास. नळ्या जुन्या घडणीच्या, काडतूस कधीही घालू नये. जुनी तार नापास, भंगार. ते तुकडे मीच डब्यात टाकले. डबा गुरुवारी रिकामा होतो. गुरुवारपर्यंत मी तिथून तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा खाली वाकलो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात बैठकीत पाहुणे होते. काचेच्या पेटीतले दिवे जरा जास्तच झाले होते, एखाद्या सोनाराच्या दुकानात असतात तसे. नव्या पाटीवर मुंबई आली होती. मुलाने बंदूक बाहेर काढून पाहुण्यांना दाखवली. त्याची मूठ तारेवर बसली. तिथे हात ठेवला की तार आधी गार लागते आणि लगेच हाताइतकी ऊन होते. त्याला ते आत्ता कळत होतं, आणि यापुढे कुठल्याही दिवशी, सुट्टी न काढता, कळणार होतं.

“यू नो सो मच अबाउट दीज,” तो मला म्हणाला. “यू हॅव वन बॅक होम?”

“येस,” मी म्हणालो. “माय ग्रँडफादर्स.”

अरबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कहव्याचा कप माझ्यापुढे केला, आणि माझ्या त्या ‘येस’चा रिपोर्ट न वाचताच पास केला.