रहिमतपूरचे शित्झू

गुरांचा डॉक्टर म्हणून रहिमतपुरात वीस वर्षं काढली, पण सांगण्यासारखे किस्से म्हणाल तर दोन-चार. म्हैस आपल्याकडं येत नाही. आपणच जायचं, इंजेक्शन द्यायचं, चहा प्यायचा, परतायचं. मग गावात शित्झू आले! हा बुटका, चपट्या नाकाचा, झिपऱ्या केसांचा कुत्रा दवाखान्यात एकटा कधी येत नाही. सोबत अख्खं घर येतं. मग काय, किस्से साचतच जातात.

*

पहिला शित्झू आणला कमलमावशींनी. लेक नोकरीला परदेशी गेली आणि तिचा कुत्रा यांच्याकडं राहिला.

"डॉक्टर, आंधळा हाय वो बिचारा. भिंतीला धडकतुय. मी हातानं घास भरवते."

मी त्याच्या कपाळावरचे केस गोळा करून रबरबँड लावला. खाली दोन टपोरे डोळे!

"मावशी, नजर एकदम क्लिअर आहे. केस असेच बांधा, ओल्या कापसानं रोज डोळे पुसा."

मावशी त्या डोळ्यांकडं बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आगं बया! आन् मी दोन म्हैनं ह्याच्यासमोर लुगडं बदलतीया!"

*

रिटायर्ड सुभेदार आनंदरावांची तक्रार वेगळी. "सहा म्हैनं ट्रेनिंग चाललंय. 'बैठ' म्हटलं की झोपतो. 'चल' म्हटलं की नुसता बघतो. शिस्तच न्हाई!"

मी समजावलं, "सुभेदार, ही राखणीची जात नाही. पूर्वी राजवाड्यात मांडीवर बसायला पाळायचे. ओरडलात तर हट्टाला पेटतो. गोडीनं शिकवा."

"राजवाड्यात?" सुभेदार ताठ झाले. "मग आधी सांगायचं की गड्या! म्हंजी सहा म्हैनं आमी ऑफिसरलाच ऑर्डर सोडत हुतो!"

*

रोज फणी फिरवली नाही की या कुत्र्याच्या केसांचं घोंगडं होतं. तसाच एक आला. माझं मशीन त्यात अडकून बंद पडलं. बाकावर जतचे बिरूआप्पा बसलेले. मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरले होते, औषध न्यायला आले होते. ते उठले, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"लोकर बरी हाय," म्हणाले आणि कात्री मागितली.

केसांचे पुंजके पडायला लागले. मालकीणबाई घाबरल्या. "आवं आप्पा, जपून! कुत्रा आहे तो!"

आप्पांनी मान वर केली नाही. "आसंल की! आजून हाताला लागला न्हाई."

*

एका घरातला शित्झू जेवेना. वजन मात्र वाढलेलं! मी घरच्या एकेकाला बाहेर नेऊन विचारलं. आजोबा म्हणाले, अर्धं बिस्कीट देतो. आजी म्हणाल्या, वाईच साय. सूनबाई, चपातीचा तुकडा. तिचा नवरा, भजी. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, "घरात कुणाला सांगू नका."

चार माणसांची गुपितं पोटात ठेवायची म्हणजे जेवणाला जागा कुठली!

*

आता तात्यांचं ऐका. उसाची शेती, भरदार अंग, डोक्याला कायम फेटा. सुनेनं शित्झू आणला त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "ह्ये कुत्रं न्हवं, पायपुसणं हाय."

एका भर उन्हाच्या दुपारी दारात जीप थांबली. तात्या पळत आत आले, छातीशी ओलं बोचकं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला ऊन सोसत नाही. हा अंगणात खेळता खेळता कोसळला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. तात्यांनी फेटा सोडला, हौदात बुडवला, त्यात कुत्रा गुंडाळला आणि थेट इकडं निघाले.

जीभ निळी पडलेली. मी ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, पंखा लावला. तात्या भिंतीला टेकून हात जोडून उभे.

अर्ध्या तासानं फेट्यातून शेपटी हलली.

तेवढ्यात शेजाऱ्यांकडून कळून सूनबाई धावत आली आणि दारातच थबकली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सासऱ्यांचं टक्कल ती आज पहिल्यांदा बघत होती!

"तात्या, आवं तुमचं डोकं..."

"माझं डोकं ऱ्हाऊ दे!" तात्या दबक्या आवाजात खेकसले. "गप ऱ्हा जरा. आत्ता कुठं घोराय लागलाय त्यो."