काळाचौकीची शाळा रिकामी झाली तेव्हा

शाळा रिकामी करा, असा धोशा लावला तो ललिताबाईंनीच. काळाचौकीच्या त्या जुन्या मराठी शाळेत त्या तिसरीला शिकवायच्या. मधल्या सुट्टीत छताचा भलामोठा तुकडा बाकांवर कोसळला. पोरं खाली खेळत होती म्हणून वाचली. सुट्टी संपली तरी बाईंनी एकालाही वर्गात पाऊल टाकू दिलं नाही. संस्थेच्या मागे लागून लागून इमारतीची तपासणी करवली. इमारत धोकादायक ठरली, दाराला कुलूप लागलं. नवी होईपर्यंत वर्ग माटुंग्याला भरणार होते.

पण पोरांना तिथवर सोडणार कोण? आईबाप सकाळीच कामावर. बाईच चाळीचाळीतून पोरं गोळा करून बसने न्यायला लागल्या. एकदा गर्दीत एक मुलगा अलीकडच्याच स्टॉपवर उतरला. तो सापडेपर्यंत बाईंच्या जिवात जीव नव्हता. दुसऱ्या दिवशी निम्म्या आयांनी पोरं पाठवलीच नाहीत.

चाळीच्या गणपती मंडळाच्या हितेंद्रने मंडळाच्या ऑफिसात जागा दिली. घरी बसलेल्या पोरांना बाई तिथे संध्याकाळी शिकवू लागल्या. सजावटीचं सामान आलं तसा तो ओशाळून म्हणाला, "सॉरी बाई. आता उभं राहायलापण जागा नाय."

मग कुणी जवळच्या इंग्रजी शाळेत गेलं, कुणी गावी. बाईंच्या वर्गातली दिशा मात्र कुठेच गेली नाही. बाई तिच्या खोलीवर गेल्या, तेव्हा ती धाकट्या भावाला पेज भरवत होती. आजी मीराबाई दारातच बसली होती.

"आजी, हिला पाठवा हो. मी हात धरून नेते, आणून सोडते."

"तुमीच शाळा बंद केलात ना?" म्हातारी म्हणाली. "इतकी वर्सा उभी होती. पडूक नाय कधी."

"पडली असती. पोरांच्या डोक्यावर पडली असती."

"मग आता काय झाला? पोर घरातच रवली ना?"

दिशाने हळूच विचारलं, "बाई, आपला वर्ग कधी भरणार?"

"नवी शाळा झाली की."

जुनी पाडून झाली होती. पत्र्यांच्या कुंपणाआड नुसता खड्डा होता, त्यात हिरवं पाणी. वर्ष संपता संपता मुलं नाहीत म्हणून माटुंग्याचे वर्गही बंद झाले, आणि बाईंची बदली झाली.

तरी दर रविवारी बाई दिशाकडे जातात. मीराबाई बसा म्हणत नाही, जा म्हणत नाही. दिशाला पाढे अजून येतात. वाचताना मात्र ती आता जोडाक्षरांना अडखळते.